कारखान्याकडे कन्सेंट आहे, तरी धूर येतो: निरीक्षक आले की नेमकं काय मागायचं?

रानवाट (डिचोली) | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर एक लहान कारखाना आहे. बॉयलर आहे, पत्र्याची बुटकी चिमणी आहे. दिवसा फारसं जाणवत नाही, पण दिवेलागणीनंतर धूर खाली उतरतो आणि रात्रभर घरांत बसतो. थंडीत जास्तच. माझ्या आईला दमा आहे, ती डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडू देत नाही.

ग्रामसभेत विषय घेतला, ठराव झाला, पत्र गेलं, पोल्युशन बोर्डाची माणसं आली. आली त्या दिवशी चिमणीतून धुराची रेघही नव्हती. कारखान्याने 'कन्सेंट टू ऑपरेट'ची (कारखाना चालवायला बोर्डाने दिलेल्या परवानगीची) प्रत पुढे केली, ती सगळ्यांनी पाहिली, अहवालावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून परत तेच.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कन्सेंट मिळाली म्हणजे धूर सोडायला मोकळीक मिळाली का? निरीक्षक आगाऊ न कळवता येऊ शकतात का? आणि पुढच्या वेळी आम्ही गावकऱ्यांनी काय बघायला मागायचं? ज्यांनी हे काम केलंय किंवा जे यातून गेलेत त्यांनी लिहा. नुसती हळहळ नको, उपयोगाचं हवंय.

काजूवन | रविवार, रात्री ९.३२

मोकळीक अजिबात नाही. पहिलं पान सगळे बघतात. अटी मागच्या पानांवर असतात, त्या वाचा.

थिंबल (फोंडा) | रविवार, रात्री ११.०५

मी खासगी प्रयोगशाळेत बरीच वर्षं चिमण्यांवर चढून नमुने घेतले. म्हणून सविस्तर लिहितो.

कन्सेंट १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम २१ खाली मिळते. प्रदूषण मंडळ (तुम्ही म्हणता ते पोल्युशन बोर्ड) ती देताना अटी घालतं: इंधन कोणतं, किती, चिमणी किती उंच, धूळ पकडायला सायक्लोन (धूर गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र) हवा की बॅगफिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी), तो चालू स्थितीत ठेवायचा, चिमणीतून धुळीची मर्यादा किती. अट मोडली की कन्सेंट रद्द करता येते, फक्त आधी मालकाचं म्हणणं ऐकावं लागतं. त्यामुळे 'कन्सेंट आहे' हे उत्तर अर्धंच. 'अटींप्रमाणे चाललंय का' हे विचारायला हवं.

दुसरं. कलम २४ प्रमाणे मंडळाने अधिकार दिलेल्या माणसाला कोणत्याही वाजवी वेळी आत जाता येतं. आधी फोन करून जा असं कायदा कुठेच म्हणत नाही. रात्री धूर होत असेल तर रात्रीची वेळ वाजवीच आहे. तुमच्या अर्जात वेळ लिहा: 'संध्याकाळी ७ ते ११ या वेळेत तपासणी करावी.' बहुतेक तक्रारींत वेळच नसते, मग तपासणी कचेरीच्या वेळात होते.

आता खरी गोम. चिमणीचा नमुना घेताना दोन गोष्टी जमल्या नाहीत तर आकडा काहीही येऊ शकतो. एक, बॉयलर किती भारावर, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या किती, चालू होता. निम्म्या भारावर घेतलेला नमुना छानच येणार. अहवालात नमुन्याच्या वेळचा भार आणि त्या तासातलं इंधन लिहिलंय का ते बघा. दोन, आत ओढून घेण्याचा वेग. चिमणीतला वायू ज्या वेगाने वर जातो त्याच वेगाने तो आमच्या नळीच्या तोंडातून आत यायला हवा. आम्ही जास्त वेगाने ओढलं तर जड कण वळत नाहीत, सरळ निघून जातात आणि धूळ कमी दिसते. हळू ओढलं तर जास्त दिसते. म्हणून आधी पिटो नळीने वेग मोजायचा, मग पंप लावायचा. ज्या अहवालात चिमणीतला वेग आणि तापमान नाही, त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

शिवाय नमुन्याचं छिद्र कुठे आहे तेही महत्त्वाचं. वाकण किंवा पंख्यापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट वर आणि वरच्या टोकापासून दोनपट खाली, असा नियम आहे. छिद्राजवळ उभं राहायला मजबूत मचाण आणि शिडी लागते, ती लावून देणं मालकाचं काम. मी अशा चिमण्या पाहिल्यात जिथे शिडी गंजून हातात येते. तिथे नमुना कसा घेतला असेल, आणि घेतला तरी का, हा प्रश्न अहवाल वाचणाऱ्याने विचारायलाच हवा.

रानवाट | सोमवार, सकाळी ७.१५

थिंबलबाब, मनापासून धन्यवाद. आमच्याकडच्या चिमणीला शिडी मी कधीच पाहिलेली नाही. आज बघून येतो.

बायणा_किनारा (वास्को) | सोमवार, सकाळी ९.४०

डिचोलीत धुराचा त्रास, आमच्याकडे काळ्या भुकटीचा. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो हे सगळ्या गोव्याला माहीत आहे. २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये कोळसा हाताळणी वाढवण्यावर जनसुनावणी झाली तेव्हा लोक दिवस दिवस बसून बोलले. मीही होते. पायऱ्या पुसल्या की फडकं काळं होतं. बाळाला अंगणात रांगायला सोडता येत नाही. हे मला कुठल्या यंत्राने सांगायची गरज नाही.

पण एक विचारते. मंडळाच्या यंत्राचा आकडा येतो तेव्हा बहुधा 'समाधानकारक' लिहिलेलं असतं. मग आमच्या फडक्यावरचं काळं कुठून येतं?

आकडेमोड | सोमवार, दुपारी १.२०

बायणाताई, दोन्ही खरं असू शकतं. कसं ते लिहितो.

यंत्र मोजतं ते हवेत तरंगणारे बारीक कण: १० मायक्रॉनपर्यंतचे पीएम१० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे पीएम२.५. फडक्यावर दिसते ती भुकटी बरीचशी त्याहून जाड असते. ती पडते, साचते, पीएम१० मध्ये मोजलीच जात नाही. तिच्यासाठी धूळ साचण्याचं वेगळं मापन लागतं, भांडं उघडं ठेवून महिन्याला किती पडली ते तोलायचं. त्या मापनाची मागणी जरूर करा.

दुसरं, सरासरीचं. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत पीएम१० ची वार्षिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम दर घनमीटर आहे, २४ तासांची १००. पीएम२.५ साठी ४० आणि ६०. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो. ते चार महिने वार्षिक सरासरीत मिसळले की डिसेंबर ते मार्चचं दुखणं दिसेनासं होतं. म्हणून गोव्यात वार्षिक आकड्यावर कोणी समाधान मानू नये. २४ तासांचे आकडे महिन्यावार मागा. नियम असा की वर्षातल्या ९८ टक्के दिवशी २४ तासांची मर्यादा पाळायची. उरलेल्या २ टक्क्यांत ओलांडली तरी लागोपाठ दोन दिवस ओलांडता कामा नये. लागोपाठ दोन दिवस ओलांडल्याचं दिसलं तर तो तुमचा मुद्दा.

हाताने चालवायच्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षाला किमान १०४ मोजण्या घ्यायच्या असतात. मोजण्या कमी असतील तर ती वार्षिक सरासरीच मानकात बसत नाही.

आकडेमोड | सोमवार, दुपारी १.२८

रानवाट यांच्यासाठी: दिवेलागणीनंतर धूर उतरतो त्याचं कारण. सूर्य मावळला की जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते, वरची ऊबदार राहते. वारा पडतो. बुटक्या चिमणीचा धूर त्या थंड थरातच अडकतो. डिचोलीसारख्या डोंगरांमधल्या खोलगट भागात हे किनाऱ्यापेक्षा जास्त होतं. म्हणजे दुपारी घेतलेला हवेचा नमुना तुमच्या त्रासाबद्दल फार काही सांगणार नाही.

हुर्राक_हंगाम | सोमवार, दुपारी २.०२

मग आमच्या काजूच्या दारूच्या भट्टीलाही कन्सेंट लागणार काय? हाहा.

पोईप्रेमी (म्हापसा) | सोमवार, दुपारी २.११

भट्टीचं ठाऊक नाही, पण पदेराच्या (पाववाल्याच्या) चुलाणाला कोणी हात लावला तर आंदोलन मी करणार. सकाळी सायकलीचा भोंगा वाजला नाही तर माझा दिवस सुरू होत नाही.

काजूवन | सोमवार, दुपारी २.५०

विषय निघालाच आहे तर सांगते. आमचं काजू भाजण्याचं छोटं युनिट आहे. काजूच्या टरफलात तेल असतं, भाजताना जो धूर निघतो तो डोळ्यांना झोंबतो, साधा लाकडाचा धूर नव्हे तो. त्यासाठी केंद्राने वेगळी मानकं घातलीत. आम्ही वाफेवर गेलो, खर्च झाला, पण काम करणाऱ्या बायकांचे डोळे वाचले. माझं म्हणणं एवढंच, लहान युनिट म्हणून सूट मागू नये. शेजारी राहणाऱ्याच्या फुप्फुसाला युनिट लहान की मोठं ते कळत नाही.

कुंडई_शिफ्ट | सोमवार, रात्री ८.३०

मी औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पर्यावरण विभाग सांभाळतो. सगळे कारखानदार चोर आहेत असा सूर लागण्याआधी आमची बाजूही लिहितो.

कन्सेंटचा अर्ज ऑनलाइन जातो, शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात. कायद्यात मंडळाला निर्णयासाठी चार महिने आहेत. आमच्याकडे येणारा अधिकारीच पाणी बघतो, हवा बघतो, इस्पितळाचा कचरा बघतो, हॉटेलचे जनरेटर बघतो, रात्री संगीताच्या तक्रारीवरही जातो. त्या माणसाने प्रत्येक चिमणीवर चढावं ही अपेक्षा धरताना त्याच्या हाताखाली किती जण आहेत तेही विचारा. मला स्वतःला कडक निरीक्षक आवडतो, कारण आम्ही बॅगफिल्टरवर पैसे घालतो आणि शेजारचा घालत नाही, मग त्याचा माल स्वस्त पडतो. तपासणी ढिली असली की प्रामाणिक माणूस बुडतो.

अजून एक. नोव्हेंबर २०२४ पासून पांढऱ्या श्रेणीतल्या, म्हणजे जवळपास प्रदूषणच न करणाऱ्या उद्योगांना कन्सेंट लागत नाही. चांगलं झालं. मंडळाचा वेळ तांबड्या आणि नारिंगी, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या, श्रेणीवर जायला हवा.

सत्तरीचा_पाऊस | सोमवार, रात्री ९.१५

कुंडईबाब, माणसं कमी असतील, मान्य. पण जिथे त्रास डोळ्यांसमोर होता तिथे काय झालं ते सांगा. सत्तरीतलं सोनशी गाव आठवतं ना? एप्रिल २०१७. खनिजाच्या ट्रकांची धूळ, विहिरी आटलेल्या, लोकांनी ट्रक अडवले. ४५ गावकऱ्यांना अटक झाली, तुरुंगात गेले, त्यांत बायकाही होत्या. धूळ मोजण्याआधी माणसं मोजली. त्या गावाला स्वच्छ हवा मागायला तुरुंगातून जावं लागलं, हे मी विसरू शकत नाही.

सावर्डे_टिप्पर | सोमवार, रात्री १०.२०

सोनशीच्या लोकांचं दुःख मला पटतं, पण आमचंही ऐका. माझे ट्रक खाणीवर होते. सप्टेंबर २०१२ मध्ये सगळं थांबलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, थोडं चालू झालं, परत फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चमध्ये पुन्हा बंद. बँकेचे हप्ते कोण भरणार होतं? घरं विकली लोकांनी. 'बंद करा' म्हणणं सोपं असतं.

सत्तरीचा_पाऊस | सोमवार, रात्री १०.४१

टिप्परबाब, 'बंद करा' मी म्हटलेलं नाही. ताडपत्री बांधा, रस्त्यावर पाणी मारा, गावातून जाताना वेग कमी ठेवा, ट्रक हौद्याच्या वर भरू नका. या सगळ्या अटी कागदावर होत्याच. त्या वेळीच पाळल्या असत्या, आणि कोणी पाळून घेतल्या असत्या, तर न्यायालयापर्यंत गोष्ट इतक्या लवकर गेली नसती. अटी न पाळल्याची किंमत तुम्हीही मोजलीत, आम्हीही.

सावर्डे_टिप्पर | सोमवार, रात्री १०.५५

ताडपत्रीचं खरं आहे. खेपा जास्त मारायच्या घाईत कोणी बांधत नव्हतं. खेपेवर पैसे मिळतात, ताडपत्रीवर नाही. दर ठरवतानाच तो वेळ धरला पाहिजे.

पाटो_वकील (पणजी) | मंगळवार, सकाळी ८.०५

छान चाललंय. कायद्याची बाजू थोडी भरतो, कारण तक्रारी इथेच गळतात.

नमुना न्यायालयात टिकायचा तर हवा कायद्याचं कलम २६ जसंच्या तसं पाळावं लागतं. आधी मालकाला किंवा त्याच्या माणसाला ठरलेल्या फॉर्ममध्ये नोटीस, की हा नमुना विश्लेषणासाठी घेतोय. ती तिथेच, त्याच क्षणी देता येते, आदल्या दिवशी देण्याची गरज नाही. मग त्याच्या समोर नमुना, भांड्यावर खूण, मोहोर, दोघांच्या सह्या, आणि विलंब न लावता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. मालक मुद्दाम गायब झाला किंवा सही नाकारली तर निरीक्षकाने एकट्याने सही करून नमुना पाठवायचा आणि सरकारी विश्लेषकाला लेखी कळवायचं. यातली एक पायरी चुकली की तो अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. निरीक्षकाने चिमणीवर चढून घाम गाळलेला असतो आणि मोहोर राहिली म्हणून सगळं वाया जातं. म्हणून गावकऱ्यांनी गराडा घालून घाई करू नये. त्याला ते काम शांतपणे करू द्यावं.

आता लोकांना जे कलम कोणी सांगत नाही ते: ५१. ज्यांना कन्सेंट दिली त्यांची नोंदवही, त्यांना घातलेल्या उत्सर्जनाच्या मर्यादांसह, मंडळाने ठेवायची असते आणि त्या उत्सर्जनाचा त्रास होणाऱ्या कोणालाही ती वाजवी वेळी पाहता येते. माहिती अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस थांबण्याआधी साळगावला मंडळाच्या कचेरीत जाऊन 'कलम ५१ खाली नोंदवही पाहायची आहे' असं लिहून द्या.

आणि कलम ४३. साध्या नागरिकालाही न्यायालयात तक्रार नेता येते, ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटीस दिल्यावर मंडळाकडचे संबंधित अहवाल मागण्याचाही हक्क आहे, सार्वजनिक हिताच्या आड येत असेल तरच ते नाकारता येतात.

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने बऱ्याच उल्लंघनांवरची कैद काढून दंड आणला, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. १ एप्रिल २०२४ पासून हवा कायद्याला तो लागू आहे. यावर वकिलांत दोन मतं आहेत. मला वाटतं कैदेची भीती तशीही कागदावरच होती, खटले वर्षानुवर्षं चालत. दंड लवकर आणि खरोखर वसूल झाला तर उपयोग होईल. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झालेलं नुकसान भरून काढण्यासाठी प्रदूषण मंडळं स्वतः भरपाई लावू शकतात. आणि वीज-पाणी तोडण्याचं कलम ३१अ जागच्या जागी आहे. धूर करणाऱ्याला सगळ्यात लवकर कळतं ते विजेच्या तारेतून.

मांडवी_सकाळ | मंगळवार, सकाळी ९.१२

वकीलसाहेब, हरित लवादाकडे (पर्यावरणाची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जायचं तर पुण्याला जावं लागतं ना? मध्यंतरी गोव्याची प्रकरणं दिल्लीला न्यायचं घाटत होतं.

पाटो_वकील | मंगळवार, सकाळी ९.३०

हो, पुणेच. २०१७ मध्ये दिल्लीला हलवण्याची अधिसूचना निघाली होती, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती रद्द केली. डिचोलीच्या माणसाला धुराची तक्रार घेऊन दिल्लीला जायला लावणं म्हणजे त्याला न्याय नाकारणंच होतं. तो निकाल आपल्या सगळ्यांसाठी मोठा होता.

मांडवी_सकाळ | मंगळवार, सकाळी ९.५०

पणजीत स्मार्ट सिटीच्या खोदकामाची धूळ आठवतेय. दुकानांच्या काचा, शाळेच्या बसा, सगळं लाल. लोक उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये न्यायमूर्ती स्वतः शहरात फिरून पाहून आले. तोवर रस्त्यावर वेळेवर पाणी मारा एवढी साधी गोष्ट होत नव्हती. बांधकामाची धूळ ही तर सर्वांत सोपी धूळ. पाणी, आडोसा आणि झाकलेली रेती, एवढ्यात निम्मी थांबते.

कुंकळ्ळी_वारा | मंगळवार, सकाळी ११.२५

कोणी वासाबद्दल बोलेल का? आमच्याकडे फिशमीलचा (माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्याचा) वास सुटला की जेवण घशाखाली उतरत नाही. पाहुणे परत जातात. तक्रार केली तर सांगतात सगळे आकडे मर्यादेत आहेत.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२.१०

कारण राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत आणि दुर्गंध त्यांत नाही. माशाचा तो वास मुख्यतः अमाइन वायूंचा, त्यातही ट्रायमिथाइल अमाइन, जे अगदी अल्प प्रमाणातही नाकाला कळतं. पीएम१० मोजून ते दिसणार नाही. तुमचा मुद्दा आकड्यांत अडकवू नका, यंत्रणेवर आणा: शिजवणी आणि सुकवणीची वाफ बंद नळीतून जाते का, कंडेन्सर (वाफ थंड करून तिचं पाणी करणारं यंत्र) चालू आहे का, स्क्रबरमध्ये (वायू धुऊन काढणाऱ्या टाकीत) आम्ल घातलेलं पाणी आहे की नुसतंच पाणी, कच्ची मासळी किती तास उघड्यावर पडते. या अटी कन्सेंटमध्ये असतील तर त्या मोडल्याचं डोळ्यांनीही सिद्ध होतं.

सुरत_ते_वेर्णा | मंगळवार, दुपारी ३.४०

मी काही वर्षं सुरतेत होतो म्हणून वेगळी गोष्ट सांगतो. तिथे २०१९ मध्ये चिमणीतल्या धुळीच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला. कापड गिरण्या, सगळ्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं. सगळ्यांनी मिळून किती धूळ सोडायची याची एकूण मर्यादा ठरवायची, तेवढेच परवाने वाटायचे. ज्याने बॅगफिल्टर लावून धूळ कमी केली तो उरलेले परवाने विकतो, ज्याने नाही केली तो विकत घेतो. मुदतीअखेर परवाने कमी पडले तर आधी भरलेल्या अनामतीतून पैसे कापले जातात. अभ्यासकांनी त्याची तुलना बाजारात नसलेल्या गिरण्यांशी केली, तर धूळ २० ते ३० टक्के कमी भरली.

गुजरातमध्येच त्याआधी तपासनिसांवर प्रयोग झाला होता. पूर्वी कारखानाच आपला प्रदूषण-तपासनीस निवडायचा आणि पैसे द्यायचा, साहजिकच अहवाल गोड यायचे. तिथे काही कारखान्यांना तपासनीस चिठ्ठी टाकून नेमले, पैसे एका सामाईक निधीतून दिले, काही अहवाल पुन्हा तपासले. अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

सत्तरीचा_पाऊस | मंगळवार, दुपारी ४.१५

धूळ विकत घ्यायची? ज्याच्या दारात ती पडते त्याला त्या बाजारातून काय मिळतं? एकूण धूळ कमी झाली तरी आमच्या वाड्याशेजारच्याने परवाने विकत घेतले तर आमच्यावर तेवढीच पडणार. नाही पटत मला.

सुरत_ते_वेर्णा | मंगळवार, दुपारी ४.३८

आक्षेप रास्त आहे. एकत्र वसलेल्या शेकडो गिरण्यांना ते जमतं. गोव्यासारख्या विखुरलेल्या ठिकाणी, जिथे एका वाड्याला एकच चिमणी त्रास देते, तिथे बाजार नको, अट आणि तपासणीच हवी. पण तपासनीस कारखान्याने निवडायचा नाही हा भाग आपण नक्की उचलावा.

थिंबल | मंगळवार, सायंकाळी ६.२०

शंभर टक्के. मी ज्या चिमण्यांवर चढलो त्यांचं बिल कारखानाच भरायचा. आकडा जास्त आला की फोन यायचा, 'परत एकदा घेऊन बघा'. आम्हा कामगारांवर त्याचं ओझं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम आणलेत, त्यांत नोंदणीकृत लेखापरीक्षक आहेत. नेमणूक कारखान्याच्या हातात राहू नये, यावर आपण सगळ्यांनी लक्ष ठेवलं पाहिजे.

मडगाव_पूर्व | मंगळवार, सायंकाळी ६.४५

इथे कारखान्यांवरच चाललंय म्हणून आठवण करून देतो. मे २०१९ मध्ये मडगावच्या सोनसड्याच्या कचराडेपोला आग लागली तेव्हा अख्ख्या परिसराने कितीतरी दिवस कचऱ्याचा धूर खाल्ला. त्याला कुठली चिमणी होती? पालिकेलाही तीच कलमं लावा.

रानवाट | गुरुवार, रात्री ८.५०

मंडळी, तुम्ही सांगितलंत तसं केलं. साळगावला जाऊन अर्ज दिला, कन्सेंटच्या अटी मिळाल्या. तिथल्या बाईंनी व्यवस्थित मदत केली हेही सांगतो.

अटींत लिहिलंय: बॉयलर ताशी २ टन वाफेखालचा. इंधन फक्त ब्रिकेट (भुसा वगैरे दाबून केलेल्या कांड्या). सायक्लोन हवा. चिमणी किमान ९ मीटर, किंवा शेजारच्या इमारतीच्या अडीचपट, जे जास्त असेल ते. शिडी आणि मचाण. राख बंद पोत्यात.

प्रत्यक्षात: ब्रिकेट मी कधीच पाहिल्या नाहीत. मोडकं फर्निचर, प्लायवूडचे तुकडे, रंगीत फळ्या टेंपोतून येतात. शिडी नाही. कारखान्याचं गोदाम आता दुमजली झालंय, चिमणी मात्र जुनीच, गोदामाच्या कौलांपेक्षा थोडीशीच वर.

थिंबल | गुरुवार, रात्री ९.२५

रानवाट, मग तुमचं प्रकरण नमुन्यावर अवलंबूनच नाही! प्लायवूड आणि रंगीत फळ्या जाळणं ही इंधनाची अट थेट मोडणं. प्लायवूडमध्ये गोंद असतो, रंगात जड धातू असू शकतात, जळताना जे निघतं ते लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. आईला त्रास होतोय यात आश्चर्य नाही.

आणि एक बघा. ताशी २ टनांखालच्या बॉयलरला चिमणीतून धुळीची मर्यादा दर घनमीटर १२०० मिलिग्रॅम आहे, १५ टनांवरच्याला १५०. लहानाला इतकी सैल मर्यादा आहे की नमुना घेऊनही तो पास व्हायची शक्यता मोठी. म्हणून इंधन आणि उंची धरा. तिथे पळवाट नाही.

निरीक्षकाला विनंती करा: इंधनाच्या ढिगाचा फोटो, इंधन खरेदीच्या पावत्या, राख तपासणं (खिळे, बिजागऱ्या सापडतील), गोदाम आणि चिमणी दोन्हींची उंची टेपने. यांतलं काहीही बॉयलर बंद असतानाही करता येतं. त्यांनी त्या दिवशी धूर थांबवला तरी ढीग लपवता येणार नाही.

पाटो_वकील | गुरुवार, रात्री ९.४८

टेंपो खाली होतानाचे फोटो रस्त्यावरून घ्या, आत शिरू नका. तारीख-वेळ दिसू द्या. तक्रारीत अटीचा क्रमांक आणि त्यासमोर फोटोचा क्रमांक, एवढंच लिहा. आईच्या डॉक्टरचा कागद वेगळा जोडा. पंचायतीचा ठराव पुन्हा घ्या, पण या वेळी 'धूर येतो' असं नको, 'कन्सेंटच्या अमुक अटी मोडल्या जातात, कलम ३१अ खाली निर्देश द्यावेत' असं.

कुंडई_शिफ्ट | गुरुवार, रात्री १०.१०

कारखानदाराशीही एकदा सरळ बोला. फर्निचर फुकट मिळतं म्हणून जाळत असेल. ब्रिकेटचा खर्च त्याला वाढेल हे खरं, पण वीज तुटली तर त्याहून महाग पडेल. कोणी त्याला समजावून सांगायला हवं असेल तर मी येतो, रविवारी सुट्टी असते.

रानवाट | गुरुवार, रात्री १०.३२

कुंडईबाब, नक्की या. आधी बोलून बघू, पण अर्ज थांबवणार नाही. येत्या ग्रामसभेला ठरावाचा मसुदा मांडतोय, इथे टाकतो, पाटोसाहेबांनी एकदा नजर घालावी. थिंबलबाब, निरीक्षक आले तर टेपने मोजणीच्या वेळी गावाकडून कोणी हजर राहू शकतं का?

थिंबल | गुरुवार, रात्री १०.४०

आवाराबाहेर उभं राहायला कोणी अडवणार नाही. आत यायचं तर निरीक्षकाला विचारा, बऱ्याचदा तक्रारदाराला घेतात. पंचायतीचा एक पंच सोबत असला तर उत्तम. आणि अहवालाची प्रत तिथेच लेखी मागून ठेवा, नंतर अर्ज करत बसावं लागत नाही.